मालगाडी बघायला घाटात

नवी मुंबईकराला कंटेनरचं कौतुक नसतं. उरण फाट्यावर ट्रेलरमागे तासभर अडकलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते सदरात छापता येत नाही. पण तेच डबे 45 वाघिणींच्या रेकवर बसून बोरघाट चढताना एकदा बघावेत.

मी त्यासाठी खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर जातो, पाऊस सरून हवा स्वच्छ झाली की. आजूबाजूला माकडं, भाजलेली कणसं आणि सेल्फी. ‘डेक्कन क्वीन’ दिसली की सगळे मोबाइल वर, मालगाडी आली की खाली. माझं उलटं. एक्सप्रेस एका बोगद्यातून दुसऱ्यात कधी शिरली ते कळतही नाही. मालगाडीचा मात्र घाटाने चांगलाच घाम काढलेला असतो.

इथला चढ 37 फुटांना 1 फूट. पायी चालणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो फार होतो. म्हणून कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. पुढचं इंजिन बोगद्याबाहेर येतं, वळणावर चाकं रुळाला घासून किंचाळतात, डबे संपता संपत नाहीत, आणि बऱ्याच वेळाने शेपटाशी रेटा देणारे बँकर दिसतात. खरा फोटो तोच. तोवर बहुतेकांनी कॅमेरा पिशवीत टाकलेला असतो.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे कुठलाही ट्रेकर सांगेल. उतरणाऱ्या गाडीला मंकी हिल, ठाकूरवाडीला थांबून ब्रेक शाबूत असल्याची खात्री पटवावी लागते. गाडी आवरली नाही तर सांधे तिला कॅच सायडिंगवर घालतात: डोंगरात वर चढत जाऊन संपणारा रूळ. फुकट वाटणारा हा तुकडा मला अख्ख्या घाटातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

हा मार्ग 1863 साली सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम तडीस नेलं त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने. साहेबाला घाटाची वाट दाखवली म्हणतात त्या शिंगरोबा धनगराचं देऊळ जुन्या रस्त्यावर आहे. ट्रकवाले अजून तिथे हात जोडतात.

परतताना कर्जतला उतरतो. घाट उतरून आलेली मालगाडी उभी असेल तर चाकांपाशी तापलेल्या ब्रेकचा करपट वास येतो. पलीकडे पुण्याच्या गाडीला बँकर लागत असतात आणि तेवढ्यात खिडक्या-खिडक्यांतून वडे आत जातात. कर्जतच्या वड्याच्या कीर्तीत चटणीइतकाच बँकरचाही वाटा आहे, असं माझं प्रामाणिक मत. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली सोलापूर वंदे भारत बँकर न घेताच घाट चढते. वडेवाल्यांचं तिच्याबद्दल काय मत आहे, ते विचारायला हवं.