केट ‘रडकी’ नाही

गेल्या महिन्यात कल्याण पूर्वेच्या एका विहारात आम्ही दहावी-अकरावीच्या मुलामुलींशी मनाच्या आरोग्यावर बोलायला गेलो होतो. एका मुलीने ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या व्हिडिओ गेममधल्या केट मार्शचं नाव काढलं. मागून एक मुलगा म्हणाला, “ती रडकी? ती तर फक्त स्टोरी पुढे न्यायला ठेवलीय.” सगळे हसले. मुलगी गप्प बसली.

ते हसणं डोक्यातून जाईना. म्हणून डोंबिवलीला घरी आल्यावर भाच्याला शेजारी बसवून तो गेम आम्ही पाहिला. आता त्या मुलाला उत्तर देणं भाग आहे.

गेम २०१५ चा, फ्रान्समधल्या डोंटनॉड या कंपनीचा. गोष्ट अमेरिकेतल्या एका शाळेची. नायिका मॅक्सकडे काळ मागे नेण्याची शक्ती आहे. चूक झाली की मागे जायचं आणि सुधारायची. केट तिच्याच वसतिगृहातली, धार्मिक घरातली, चित्रं काढणारी मुलगी. एका पार्टीत तिला गुंगीचं औषध दिलं जातं, तिचा व्हिडिओ काढून पसरवला जातो आणि सगळी शाळा तिच्यावर हसते.

वॉर्डात वर्षानुवर्षं ड्युटी केलेल्या आमच्यासारख्या बाईला केटच्या खोलीत शिरताच कळतं. पडदे ओढलेले, आरसा झाकलेला, व्हायोलिन पडून. ही लक्षणं आहेत. ज्याने खेळ बनवला त्याने ती नीट पाहून मांडली आहेत.

आता ‘रडकी’चं बघू. केट मॅक्सला विचारते, पोलिसांत जाऊ का? ती मॅक्सला फोन करते. मॅक्स तेव्हा मैत्रिणीबरोबर हॉटेलात बसलेली असते. फोन उचलायचा की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे केटने मदत मागितली. कमकुवत माणूस कुठे मागतो? मागायला ताकद लागते. आमच्याकडे पोटदुखी म्हणून आलेल्या कितीतरी मुली खरं कारण पहाटे तीन वाजता सांगायच्या, तेही सिस्टर खाटेजवळ पाच मिनिटं जास्त थांबली तरच.

दुसऱ्या भागात केट टोकाला पोचते. कशी, ते या पानावर लिहिणार नाही. इथेच मॅक्सची जादू संपते. काळ मागे जात नाही. हातात उरतं ते एवढंच, की केटबद्दल आपण काय लक्षात ठेवलं. घरच्या कुणाचं नाव काढल्यावर तिला धीर येईल? आईचं नाव घेतलं तर चुकतं, कारण आईच तिला दोष देत असते. खोलीतल्या वस्तू, पत्रं ज्याने नीट पाहिली त्यालाच हे ठाऊक असतं. नायिकेची सगळी शक्ती जिच्यापुढे चालत नाही, लक्ष दिलेलं तेवढंच चालतं, ती ‘साइड कॅरॅक्टर’ कशी? आमच्या मते सगळ्या खेळाचा अर्थच तिच्यात आहे.

एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. बरोबर उत्तरं दिली की केट वाचते, असा हिशोब खेळात आहे. खऱ्या आयुष्यात तसा हिशोब नसतो. सगळं करूनही माणूस जातं. मागे राहिलेल्या मैत्रिणीने, आईने, भावाने स्वतःला गुन्हेगार समजू नये.

कुणी म्हणेल, परदेशातल्या ख्रिस्ती मुलीची गोष्ट, आपल्याला काय तिचं? आपल्यालाच जास्त आहे. हैदराबादच्या विद्यापीठातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. मुंबईत एमडी करणारी आपली आदिवासी भगिनी डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेली. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत असल्याचं ती सांगत होती, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. तेव्हाही ‘एवढ्यातेवढ्याने खचायचं कशाला’ म्हणणारे होतेच. छळणारे बाजूला राहतात आणि चर्चा होते ती सोसणाऱ्याच्या मनाच्या कमजोरीची. केटला रडकी म्हणणारं हसू त्याच जातीचं आहे.

त्या मुलावर आमचा राग नाही. त्याने गेम पुन्हा खेळावा आणि या वेळी फोन उचलावा. विहारात गप्प बसलेल्या त्या मुलीशी आम्ही नंतर बोललो, पुढेही बोलणार आहोत.

पालकांनो, मूल खेळत असेल तर एकदा शेजारी बसा. कोण आवडतं, कोण नाही, का, एवढं विचारा. स्वतःबद्दल जे बोलवत नाही ते मूल केटबद्दल बोलेल. त्याने जगणं नको वाटतं असं म्हटलं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका. टेलिमानस १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव चेष्टेत घेणं आता बंद करू. तिथे ओपीडीत दाखवायला जाणं हे तापासाठी दवाखान्यात जाण्यासारखंच आहे.

काळ मागे नेता येत नाही. फोन उचलता येतो.

जय भीम!