भेट द्यावी, परतफेड नव्हे

दीपावलीच्या दिवसांत एका घरातून निघालेला सुक्या मेव्याचा डबा चार घरे फिरून, वेष्टनही न उघडता, मूळ घरी परत येतो, हा विनोद आता जुना झाला. त्यामागचे दुखणे मात्र जुने झालेले नाही. देणाऱ्याने घेणाऱ्याचा विचार केला नव्हता, आणि घेणाऱ्यालाही ते उमगले होते. सणावाराला ज्या स्नेह्यांच्या घरी आपण दोन-चार दिवस मुक्कामाला जातो, त्यांच्यासाठी काय न्यावे हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका क्षुल्लक नाही. कीर्तनाच्या निमित्ताने आमचे निम्मे आयुष्य दुसऱ्यांच्या ओसरीवर गेले. या विषयात बोलण्याचा आम्हांस काही अधिकार असलाच, तर तो चुका करून मिळविलेला आहे.

आपल्या शास्त्रकारांनी यजमानाची कर्तव्ये मोठ्या बारकाईने सांगितली आहेत. दारी आलेल्यास आसन द्यावे, पाय धुण्यास पाणी द्यावे, अर्घ्य द्यावे, मान्यवरास दही, मध व तूप यांचा मधुपर्क द्यावा. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत अतिथीचा सत्कार हा एक यज्ञच मानला गेला. अतिथीने यजमानास काय द्यावे, याविषयी मात्र त्या मानाने फार थोडे सांगितलेले आढळते. देव, गुरू व राजा यांच्या दर्शनास रित्या हाताने जाऊ नये, असा एक संकेत तेवढा सर्वांच्या तोंडी आहे. हे मौन आम्हांस अर्थपूर्ण वाटते. विधी ठरला की वस्तू ठरते, वस्तू ठरली की मोल ठरते, आणि मोल ठरले की हिशेब सुरू होतो. त्या हिशेबातच आमचा पाय एकदा घसरला.

ही गोष्ट उधव्याची. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांना भिडलेल्या तलासरी तालुक्यातील हे गाव. आम्ही त्र्यंबकेश्वरचे रहिवासी. मोखाडा, जव्हार करीत खाली उतरावे, पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग धरावा आणि तलासरीहून आत वळावे, असा आमचा मार्ग. तेथे आमचे एक जुने स्नेही आहेत. वारली समाजातले, शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालेले, आता घरची भातशेती पाहणारे. काही वर्षांपूर्वी दिवाळीत चार दिवस आम्ही त्यांच्याकडे राहिलो. दिवस कापणीचे होते. घरातील लहानथोर पहाटेपासून शेतावर जात, आणि तरीही वहिनींनी आमच्या चहाची वेळ एकदाही चुकू दिली नाही. एका रात्री ओटीवर आम्ही सुदाम्याचे आख्यान लावले. सारी आळी ऐकावयास जमली. वहिनी मात्र आतच होत्या, कारण त्या सर्वांसाठी चूल पेटलेली होती.

निघताना आम्ही पाचशेच्या चार नोटा पाकिटात घालून उशीखाली ठेवल्या. हातात देण्याचे धैर्य झाले नाही, यावरूनच काही चुकते आहे हे ध्यानात यावयास हवे होते. बसथांब्यावर उभे असताना स्नेही सायकलवरून धापा टाकीत आले आणि पाकीट पुढे करून म्हणाले, “बुवा, हे उशीखाली विसरलात.” आम्ही विसरलो नव्हतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही तो एक शब्द वापरून त्यांनी आमची लाज राखली. चार दिवस आणि चार नोटा! एखाद्या लॉजचे भाडे चुकवावे तसे आम्ही मैत्रीचे भाडे चुकवू पाहत होतो. त्र्यंबकेश्वरपर्यंत ते पाकीट खिशात जड लागत होते.

कोणी विचारील, पैशात वाईट ते काय? शोभेच्या निरुपयोगी वस्तूपेक्षा चार नोटा घराला अधिक उपयोगी पडतात. हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. औषधोपचारासाठी मुंबईस येऊन नातेवाइकांच्या दोन खोल्यांत महिना-महिना राहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांनी किराणा भरावा, गॅसचे पैसे द्यावेत, भाजी आणावी, आणि ते पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून करावे. हा संसारातील वाटा आहे. तो न देणे हा अन्याय, आणि तो लपवून देणे हा उगाच संकोच. पण वाटा निराळा आणि भेट निराळी. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात उपकाराची फेड म्हणून दिलेले दान राजस ठरविले आहे. आमचे पाकीट त्याच जातीचे होते. मराठी भाषेने तर हा निवाडा एका शब्दातच करून ठेवला आहे. दोन माणसे एकमेकांना भेटतात तीही भेट, आणि एकाने दुसऱ्याला दिलेली वस्तू तीही भेट. ज्या वस्तूत ती भेटलेली माणसे दिसत नाहीत, ती कितीही मोलाची असली तरी तिला हे नाव शोभत नाही.

त्याच घरात याचे आणखी एक उदाहरण आमच्या पाहण्यात आले. शहरातील कोणा पाहुण्याने एक सुबक ट्रे भेट दिला होता, आणि त्यावर वारली चित्र छापलेले होते. घोलवडच्या वाडीत चिकूची करंडी न्यावी, तसाच हा प्रकार! ज्या कलेने डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्रीपर्यंत नेले, जिला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती मुळात या घरांच्या भिंतींवरची. लग्नाचा चौक सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लिहावा, ही तिची रीत. स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनी तो ट्रे निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ केली आहे.” तारपा वाजविणाऱ्याकडे पाठ करून नाचावयाचे नाही, हा त्या नाचाचा नियम. ज्याने तो ट्रे आणला त्याने प्रेमानेच आणला असणार. पण आणण्यापूर्वी त्याने या घराकडे नीट पाहिले नव्हते. खरे पाहता त्यानेही यजमानाकडे पाठच केली होती.

सुदाम्याची गोष्ट आम्ही इतकी वर्षे सांगत आलो, पण ती आम्हांला या घराने समजावून दिली. भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा. पत्नीने शेजारून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यात बांधून तो द्वारकेस गेला, आणि तेथील वैभव पाहून त्याने ते लपविले. आम्ही कीर्तनकार येथून घाईने सोन्याच्या नगरीकडे धावतो. पण कथेचा गाभा अलीकडेच आहे. सुदामा लाजला, कारण पोह्यांची तुलना तो राजवाड्याशी करीत होता. श्रीकृष्णाने ते ओढून घेऊन खाल्ले, कारण त्याला पोह्यांत केवळ मित्राचे घर दिसत होते. देण्याइतकीच घेण्याचीही एक कला असते. आमच्या स्नेह्याने पाकीट परत करून तीच दाखविली.

म्हणून पुढच्या दिवाळीत उधव्याला जाताना आम्ही आधी आठवून पाहिले. स्नेही रात्री कापलेल्या भाताच्या राखणीला खळ्यावर जात आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून मोबाइल दातांत धरून त्याच्या उजेडात चालत. आम्ही डोक्याला बांधावयाची एक विजेरी नेली. किंमत पाकिटातल्या एका नोटेहून अधिक नव्हती. ती त्यांनी तत्काळ डोक्याला बांधली आणि नातवंडांना हसविले. वहिनींसाठी काय न्यावे याचा विचार करताना मात्र आम्ही खजील झालो. चार दिवसांचे कष्ट त्यांचे होते आणि पाकीट आम्ही यजमानांच्या नावाने ठेवले होते. त्यांना आम्ही एवढेच म्हणालो, “आज चूल विझल्यावर आख्यान लागेल, तोवर नाही.” त्या रात्री त्या सर्वांच्या पुढे बसल्या.

वाचकहो, सांगावयाचे ते एवढेच. घर पाहावे आणि मग वस्तू निवडावी. आधी सुचले नाही तर परतल्यावर पाठवावी, उशिरा आलेली योग्य वस्तू वेळेवर आलेल्या अयोग्य वस्तूपेक्षा बरी. लहान घरात जागा अडविणारे काही नेऊ नये. यजमानाला परत काहीतरी मोठे देण्याची काळजी लागेल, असे तर मुळीच नेऊ नये. ज्या हातांनी रांधले त्या हातांची आठवण आधी ठेवावी. वस्तू सुचलीच नाही, तर आपल्याला जे येते ते द्यावे, मग ते गाणे असो, शिवण असो की मुलांचा अभ्यास असो. आणि यजमान निघताना जे देतील ते नाकारू नये.

हा शेवटचा धडा वहिनींचा. आख्यान संपल्यावर त्यांनी विचारले, “मग निघताना कृष्णाने मित्राच्या हातात काही दिलेच नाही?”

“हातात काही नाही, वहिनी,” आम्ही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी नव्या तांदळाची पुरचुंडी आमच्या पिशवीत ठेवली. म्हणाल्या, “कृष्ण चुकला असेल, बुवा. आम्ही नाही चुकणार.”

पिशवी जड होती. वाटेत मात्र ती कोठेच जड लागली नाही.