काठीचा मोह आणि काठीची पारख

गेल्या मे महिन्याच्या सुटींत एके दिवशीं सायंकाळीं एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. गृहस्थ एका कारखान्याच्या सुतारखात्यांत काम करणारे; मिळकत बेताची, संसार मोठा. थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं खिशांतून घडी घातलेला एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. त्यावर एका परदेशी क्यूचें नांव व किंमत मुलाच्या अक्षरांत लिहिलेली होती. ती किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होती. ते म्हणाले, "सर, मुलगा पूल खेळतो. बरा खेळतो, असें त्याचे सोबती सांगतात. खेळायची एक काठी त्याच्याजवळ आहेच. आतां फोडायला आणि उडवायला म्हणून ही निराळी हवी म्हणतो. मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. एवढेंच सांगा, ही घेतली नाहीं तर पोर मागें पडेल का?"

प्रश्न लहान होता, पण त्यांत बापाचें काळीज होतें. नाहीं म्हणावें, तर आपल्या तुटपुंज्या मिळकतीमुळें मुलाचा गुण कोमेजला ही टोंचणी. होय म्हणावें, तर धाकट्या मुलीच्या पुस्तकांचे पैसे कोठून आणावे ही विवंचना. त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर दोन वाक्यांचें होतें. परंतु असा प्रश्न अनेक घरीं पडत असेल, म्हणून तें उत्तर कारणांसह येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. मेजावरील चेंडूंचा खेळ म्हणजे उनाडांचा उद्योग, अशी कित्येक पालकांची समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नव्हे. स्नूकर हा खेळ १८७५ सालीं आपल्या देशांतच, जबलपुरास, लष्करी अधिकाऱ्यांत जन्मला. पुण्यास १९२२ सालीं जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं व पुन्हां १९६४ सालीं बिलियर्ड्सचें जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविलें; मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीं तें १९७७, १९८१ व १९८३ असें तीन वेळां पटकाविलें. पूल हा त्याच घराण्यांतला, पण अमेरिकेंत वाढलेला खेळ होय. अभ्यास सांभाळून व चांगल्या संगतींत तो खेळल्यास डोळा, हात आणि मन यांस उत्तम वळण लागतें. तेव्हां आमचा आक्षेप खेळास नाहीं; विचार करावयाचा तो खर्चाचा.

ज्या पालकांस हा खेळ ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. 'एट-बॉल' या प्रकारांत पंधरा चेंडू त्रिकोणांत एकास एक भिडवून मांडतात, आणि क्यूनें, म्हणजे काठीनें, पांढरा चेंडू मारून तो त्रिकोण फोडतात. यास ब्रेक म्हणतात. या फटक्यानें एक तरी चेंडू पॉकेटांत जावा, नाहीं तर निदान चार चेंडू कडेच्या कुशनास लागावे, असा जागतिक नियम आहे. म्हणून हा फटका जोराचा असतो. पुढें खेळतांना दुसरा एखादा चेंडू वाटेंत आडवा आला, तर पांढरा चेंडू त्यावरून उडवून पलीकडे नेतां येतो. यास जम्प म्हणतात. एरव्हींच्या नाजूक खेळासाठीं क्यूच्या टोकास चामड्याची टिप बसविलेली असते. ब्रेकच्या जोरानें ती दबते व पसरते. ती वांचावी म्हणून ब्रेकला निराळा क्यू आला. चेंडू उडविण्यास आंखूड व हलका क्यू सोयीचा म्हणून तिसरा आला. आणि असें हें काठ्यांचें कुटुंब वाढत गेलें.

आतां मुलांच्या समजुती तपासूं. पहिली समजूत ही कीं, क्यू जितका जड तितका ब्रेक जोराचा. पांढरा चेंडू सुमारें १६५ ग्रॅम वजनाचा असतो. १८ औंसांचा क्यू म्हणजे सुमारें ५१० ग्रॅम, आणि २१ औंसांचा म्हणजे सुमारें ५९५ ग्रॅम. दोन्ही क्यू हातानें एकाच वेगानें चालविले, तर टकरीच्या नियमानें हिशेब करतां जड क्यूनें चेंडूचा वेग शेंकडा साडेतीन-चारच वाढतो. भौतिकशास्त्राच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. वजन शेंकडा १७ वाढविलें आणि हातीं आला शेंकडा चारांच्या आंतला लाभ! त्या वजनानें हात तेवढाच मंदावला, तर तोही गेला. चांगला ब्रेक हा मुख्यतः नेमाचा असतो: पांढरा चेंडू मध्यावर मारावा, तो पुढच्या चेंडूस समोरून भिडावा, आणि मेजाच्या मध्याजवळ थांबावा. हें साधावयास आपल्या नेहमींच्या क्यूच्या आसपास वजनाचा सरळ क्यू पुरतो. पुष्कळदां क्लबांतला सार्वजनिक क्यूही पुरतो.

ब्रेकच्या क्यूंत खरा फरक पडतो तो टोकाचा. त्यास बहुधा फार कठीण चामडें किंवा फिनॉलिक नांवाच्या कृत्रिम राळेची टिप असते. १९०७ सालीं निघालेलें बेकेलाइट याच जातीचें, आणि पूलचे उत्तम चेंडूही याच जातीच्या राळेचे करितात. टोंक कठीण असलें कीं टकरींत जोर कमी वायां जातो. परंतु अशी टिप चॉक कमी धरते. फटका मध्यावरून ढळला तर ती घसरते. शिवाय कांहीं स्पर्धांत फिनॉलिक टिपेस मनाई असते. येथें पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, असें कठीण टोंक स्वस्त क्यूसही असतें. किंमत वाढते ती बहुतेक नांवामुळें, नक्षीमुळें आणि कार्बन-तंतूंच्या शाफ्टमुळें.

दुसरी समजूत जम्पविषयीं आहे. कित्येक मुलांस वाटतें कीं, चेंडूच्या खालीं क्यू घालून तो उचलावयाचा. नियमानें हा सरळ सरळ फाउल आहे. जम्प करितांना क्यूचें मागचें टोंक उंच धरून चेंडूवर वरून खालीं फटका मारावा लागतो. चेंडू कापडावर व त्याखालच्या दगडी पाटीवर दाबला जाऊन उसळतो. जड क्यू अशा वेळीं चेंडूवर रेंगाळतो व त्यास उसळूं देत नाहीं. हलका क्यू, टोंक कठीण असल्यास, चटकन् मागें फिरतो. यांत जादू नाहीं. मात्र जागतिक नियमांप्रमाणें क्यूची लांबी ४० इंचांहून कमी असूं नये. म्हणून जुना क्यू कापून जम्प क्यू करूं पाहणारांनीं आधीं माप घ्यावें.

तसेंच मेज कोणतें, हेंही पाहावें. आपल्याकडे पुष्कळ क्लबांत स्नूकरचें मेज अधिक मानाचें असतें, आणि स्नूकरांत मधल्या चेंडूवरून पांढरा उडविणें हा फाउल आहे. तेथें जम्प क्यूचा उपयोग शून्य. उलट, स्नूकरचा निमुळत्या टोंकाचा क्यू घेऊन पूलचा ब्रेक मारणारीं मुलेंही आम्हीं पाहिलीं आहेत. स्नूकरचे चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचे, पूलचे ५७ मिलिमीटरांहून थोडे मोठे व अधिक जड. तो नाजूक क्यू या कामासाठीं घडविलेलाच नसतो. आणखी एक गोष्ट मुलांनीं विसरूं नये. जम्प शिकतांना मेजाचें कापड फाटतें. मेज दुसऱ्याचें असतें. मालकाची परवानगी घेतल्यावांचून असा सराव करणें म्हणजे दुसऱ्याच्या खर्चानें आपण शिकणें होय, आणि तें भल्या मुलास शोभत नाहीं.

मग करावें काय? आमच्या मतें क्रम असा असावा. ज्यास अजून दोन चेंडू लागोपाठ घालतां येत नाहींत, त्यानें कांहींच विकत घेऊं नये. क्लबांतील क्यूंपैकीं सरळ असेल तो निवडून त्यानेंच ब्रेक मारावा. जम्प शिकण्यापूर्वीं कुशनावर चेंडू आपटून आडव्या चेंडूस वळसा घालण्याची कला शिकावी. तींत एक पैसा लागत नाहीं आणि ती अधिक वेळां उपयोगी पडते. ज्याचा खेळ वाढला आहे, ज्याच्याजवळ स्वतःचा चांगला क्यू आहे, व ज्यास त्याची टिप वांचवावयाची आहे, त्यानें दोन निराळ्या काठ्या न घेतां ब्रेक व जम्प या दोन्ही कामांचा एकच जोडक्यू घ्यावा. याचा मागचा भाग दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा फिरकीनें काढून टाकला कीं जम्पचा आंखूड क्यू उरतो. तो ४० इंच भरतो कीं नाहीं, हें दुकानांतच मोजावें. दोहोंपैकीं एकच गुण उत्तम मिळत असेल, तर ब्रेकचा पाहावा. कारण डाव फोडावा लागतो तो नेहमीं, चेंडू उडवावा लागतो तो क्वचित्.

अमेरिकेच्या बाजारांत असे साधे जोडक्यू १०० ते २०० डॉलरांच्या दरम्यान मिळतात, आणि कार्बनच्या नामांकित ब्रेक-क्यूस ५०० डॉलरांहून अधिक पडतात. आपल्याकडे येईतों त्यांवर जकात व वाहतूक चढते. म्हणून खेळणाऱ्या एखाद्या सज्जनाकडून वापरलेला क्यू मिळाल्यास तोही तुच्छ मानूं नये. फक्त पारख करावी. सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून क्यू टोंकापासून टोंकापर्यंत पाहावा, आणि हळूहळू फिरवावा. जोडून पाहावा, मग सोडवून प्रत्येक तुकडा निराळा पाहावा. कारण दोन सरळ तुकडेही वांकड्या सांध्यानें बिघडतात. सांधे मिटल्यावर मधून उजेड दिसूं नये. मूठ जमिनीवर हलकेच आपटली असतां आंत खडखड ऐकूं आली, तर आंतील वजनाचा स्क्रू ढिला आहे असें समजावें. टिपेखालच्या पांढऱ्या टोपणास चीर नाहीं ना, आणि टिप झिजल्यास बदलतां येते ना, हेंही विचारावें. इतकें जमल्यावर नक्षी नसली तरी चालेल.

महाग क्यू घेणारे केवळ मूर्ख असतात असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. लांकूड पावसाळ्यांत सादळतें, कोंकणासारख्या दमट हवेंत वांकतें. कार्बनच्या शाफ्टास ती भीति नाहीं. जो रोज चार तास खेळतो व स्पर्धांतून मिळवितो, त्याचा तो खर्च म्हणजे व्यापारांतलें भांडवल. परंतु शिकाऊ मुलानें त्याची बरोबरी करूं नये. साधा लांकडी क्यूही पेटींत ठेविला, भिंतीस टेंकून उभा केला नाहीं, उन्हांत तापूं दिला नाहीं, तर वर्षानुवर्षें सरळ राहतो. काळजी घेणें फुकट असतें. फक्त तिची आठवण ठेवावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, 'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण तुम्हीं दुसऱ्यास पुष्कळदां ऐकविली असेल. खेळांत हार झाली कीं ती आपणांसच ऐकवून पाहावी. आणि वडिलांकडे कांहीं मागण्यापूर्वीं ती वस्तु कशासाठीं हवी, किती वेळां लागेल, आणि तिच्यावांचून काय अडतें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहून काढावीं. ज्या कागदावर फक्त नांव आणि किंमत असते, तो कागद बापापुढें ठेवावयास योग्य नाहीं.

पालकांसही आमची एक विनंति आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. पण मुलास नुसतें 'नाहीं' म्हणून वाटेस लावूं नये. तो काय खेळतो हें एकदां जवळ उभे राहून पाहावें. 'नाहीं' या शब्दामागील कारण मुलास कळलें म्हणजे तो शब्द त्यास तितका बोचत नाहीं.

त्या गृहस्थांस आम्हीं सांगितलें तें इतकेंच: "मुलगा मागें पडणार नाहीं. पण तुम्ही त्याच्याबरोबर एकदां जाऊन या." पुढें जुलै महिन्यांत आम्ही खेळाच्या सामानाच्या एका दुकानीं फुटबॉल घेण्यास गेलों असतां ते बापलेक तेथें भेटले. टेबलावर तीन साधे जोडक्यू मांडलेले होते. ज्या गृहस्थांस 'त्यांतलें कांहीं कळत नव्हतें', ते एक डोळा मिटून एकेक क्यू उजेडाकडे धरीत होते. पहिला त्यांनीं पाहतांक्षणींच बाजूस ठेविला. दुसऱ्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवून मान हलविली. तिसरा त्यांनीं मुलाच्या हातीं दिला व म्हणाले, "तूं बघ आतां." मुलानें डोळा मिटून तसाच धरला, आणि बराच वेळ पाहत राहिला.