मिनीवाला साहेब माहीत, ‘मीरा’चे शंकरराव कुठे?

"आपल्याकडे गाडी डिझाइन करणारी डोकीच नाहीत" हे परवा पुन्हा ऐकलं. मग इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी कोण? शिक्षण सातवीपर्यंत. 1949 मध्ये या माणसाने छोटी मोटार बनवली आणि पुढे कित्येक वर्षं ती सुधारत राहिला. नाव ‘मीरा’. इंजिन मागे, आणि किंमत सामान्यांना झेपावी हा हट्ट.

तिकडे इंग्लंडात अ‍ॅलेक इस्सिगोनिस. गडी गणितात तीनदा नापास! पण 1956 च्या सुएझ प्रकरणात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा कंपनीने छोटी गाडी करायचं काम त्यालाच दिलं. त्याने इंजिन आडवं बसवलं आणि दहा फुटांत चार माणसं मावली. 1959 ला मिनी आली, पुढे 53 लाखांवर गाड्या निघाल्या. साहेबाला ‘सर’ केलं. शंकररावांच्या मागे असं कोणी उभं राहिलं नाही. मीरा बाजारात आलीच नाही.

आज आमच्या तारोडी-उत्तनकडच्या गॅरेजमधल्या पोराने गाडीत बदल केला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. रस्त्यावर सुरक्षितता हवीच, त्यात वाद नाही. पण प्रयोग करायचा कुठे? पुण्याच्या एआरएआयची चाचणी एकट्या मेकॅनिकला झेपणार कशी? मिरा-भाईंदर महापालिकेने (नावातच मिरा आहे, बघा!) आयटीआयला जोडून एक शेड आणि चाचणीपुरता बंद रस्ता द्यावा. बजेटच्या आधी आपापल्या नगरसेवकाला हे विचारा. उत्तर काय मिळतं ते खाली कळवा.