टेलिफोन एक्स्चेंजचे बियाणे

ज्वारीच्या सुधारित वाणाचे बी आपल्या परभणी जिल्ह्यातला शेतकरी घरच्या पिकातून राखू शकतो, शेजाऱ्याला पायलीभर देऊही शकतो. संकरित बियाण्यासाठी मात्र दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. (संकरिताला नावे ठेवण्याचा हेतू नाही!) कार्यालयातल्या टेलिफोन यंत्रणेतही नेमका हाच भेद आहे, आणि आपल्या शाळा, दवाखाने, पतसंस्था यांनी तो ओळखावा असे मला वाटते.

दहा-वीस फोन एकमेकांना जोडणारे एक्स्चेंज पूर्वी बंद पेटीतच मिळे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये छोटी कंपनी काढली. अशी पेटी परवडेना, म्हणून साध्या संगणकावर चालणारी प्रणाली त्याने स्वतःच लिहिली. तीच 'अ‍ॅस्टरिस्क'. तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, त्याने सर्वांना खुली केली. कंपनी जगली ती टेलिफोनची तार संगणकाला जोडणारी कार्डे विकून आणि मदतीचे पैसे घेऊन. पुढे ती 'डिजियम' झाली आणि २०१८ मध्ये कॅनडाच्या 'सांगोमा'ने तिला विकत घेतले.

"फुकट आहे, मग कंपनी कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. त्याचे उत्तर इथल्या कृषी विद्यापीठात मिळेल. 'परभणी मोती' घरी राखता येते खरी, पण हळूहळू भेसळ होतेच. विद्यापीठ पैदासकार बियाणे जपते म्हणून शुद्ध वाण पुन्हा हाती येतो. कंपनीही तेच करते. जगभरातून आलेल्या दुरुस्त्या तपासायच्या, भलते काही आत येऊ द्यायचे नाही, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची चार वर्षे पूर्ण निगा राखायची आणि पाचव्या वर्षी निदान सुरक्षेची भगदाडे बुजवायची. हे कंटाळवाणे काम पगाराविना वर्षानुवर्षे कोण करील?

पण राखणदारच मालकी सांगू लागला तर? अ‍ॅस्टरिस्कवरच उभारलेली 'एलास्टिक्स' ही इक्वेडोरची प्रणाली २०१६ मध्ये 'थ्रीसीएक्स' कंपनीकडे गेली आणि तिची पुढली आवृत्ती खुली राहिली नाही. मात्र आधीची आज्ञावली लोकांच्या घरात होती. तिच्यातूनच 'इस्साबेल' उभी राहिली. बंद पेटीवाल्याला असा रस्ता नसतो. कंपनी बुडाली की आज ना उद्या पेटी भंगारात.

तेव्हा जिल्हा परिषदेपासून बाजार समितीपर्यंत सर्वांनी निविदेत दोन अटी घालाव्यात. मूळ आज्ञावली आणि ती बदलण्याचा हक्क खरेदीदाराकडे राहावा. आणि निगा कोण, किती वर्षे राखणार, हे लिहून त्याचे पैसे वेगळे दाखवावेत.