जोडराग, जॅझ आणि मिश्रणाची कसोटी

‘फ्यूजन’ हा शब्द आपल्याकडे इतका सैल झाला आहे की तबल्याशेजारी गिटार ठेवली तरी तो लागू होतो. मराठी समीक्षेत ‘पाश्चात्त्य प्रभाव’ या शब्दप्रयोगाचीही हीच गत आहे. दोन गोष्टी जवळ आल्या एवढेच दोन्हीकडे सांगितले जाते. जवळ आल्यावर त्यांच्यात नेमके काय घडले, हे विचारायचे राहून जाते. १९६०च्या दशकातील जॅझच्या निमित्ताने हा प्रश्न नीट मांडता येतो.

त्यासाठी कसोटी परक्या प्रांतातून आणण्याचे कारण नाही. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचे वैशिष्ट्यच मुळी जोडराग. बसंती केदार गाताना अर्धा वेळ बसंत आणि अर्धा वेळ केदार गाऊन भागत नाही. एका रागातून दुसऱ्यात शिरण्याची वाट अशी असावी लागते की सांधा खटकू नये, आणि तरीही दोन्ही रागांची ओळख पुसली जाऊ नये. उत्तम मिश्रणात दोन्ही घटकांना आपली चाल थोडी बदलावी लागते, ही ती कसोटी.

आता अमेरिकेतील जॅझ पाहू. बीबॉपमध्ये स्वरसंघात झरझर बदलत आणि वादकाला त्यांचा पाठलाग करावा लागे. माइल्स डेव्हिसने १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये ही धावपळ थांबवली. त्यातील ‘सो व्हॉट’ ही रचना डोरियन या एकाच मेळावर, दोन जवळच्या स्थानांवरून उभी राहते. डोरियनचे स्वर म्हणजे आपला काफी थाट. हे भारतीय संगीताचे अनुकरण नव्हते. पण दार उघडे झाले होते. १९६१मध्ये जॉन कोल्ट्रेनने ‘इंडिया’ वाजवले, तेव्हा दोन बास वाद्यांच्या आधाराने एका स्वराभोवती ठिय्या दिला. त्यात सतार नाही, तबला नाही. तरीही एका आधारस्वराशी राहून विस्तार करण्याचे तत्त्व जॅझच्या अंगात मुरलेले ऐकू येते. त्याने वाद्य उसने घेतले नाही, विचार घेतला.

याच्या उलट टोकाला १९६८ची शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ ही तबकडी आहे. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग; रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट, लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम. एवढ्या वेळात राग कसा मांडणार, हा सनातनी आक्षेप मला मान्य नाही. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांनाही तीन-सव्वातीन मिनिटांचीच मुभा होती. माझा आक्षेप वेगळा आहे. सतार राग सांगते, पितळी वाद्ये तिला उत्तर देतात. पण बहुतेक ठिकाणी दोघी आपापल्या ओसरीवरच बसून बोलतात. ऐकायला गोड, वादनात अव्वल. तरी हा शेजार आहे, जोडराग नव्हे.

खरा सांधा त्या आधीपासून पडद्याआड जुळत होता. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून मुंबईला आलेले गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनबरोबर सेबॅस्टियन डिसोझा या संयोजकांनी चालीखाली स्वरसंघात घातले, मधल्या जागा रचल्या. चाल रागाला सोडत नव्हती आणि वाद्यवृंद तिला सरळ चालू देत नव्हता. हे मिश्रण सिद्धान्तातून नव्हे, पोटापाण्यातून आले. म्हणूनच ते सहज झाले आणि म्हणूनच त्याची नोंद झाली नाही. श्रेय संगीतकाराला मिळाले. संयोजकाचे नाव बहुधा कुठल्यातरी कोपऱ्यात राहिले. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांनी तर जॅझला थेट कोंकणी बोलायला लावले. भाषा बदलली की आघात बदलतात, आणि आघात बदलले की ताल जुना राहत नाही.

साहित्याच्या वर्गात याचा संबंध काय? याच दशकात ‘असो’सारखी लघुनियतकालिके निघाली. कोल्हापुरात जन्मलेले, ब्लूजची ओढ असलेले अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत लिहीत होते. त्यांच्याविषयी ‘पाश्चात्त्य प्रभाव’ असे एक वाक्य लिहून आपले विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतात, आणि आपण त्याला गुण देतो. प्रभाव म्हणजे वरून खाली वाहणारे पाणी, अशी समजूत त्यामागे आहे. तिने कवीची कामगिरीच झाकली जाते: बाहेरून आलेल्या लयीला मराठी वाक्याने कसे वाकवले, आणि ती लय पेलताना मराठी वाक्य स्वतः कुठे वाकले.

म्हणून ‘प्रभाव कोणाचा?’ हा प्रश्न आता प्रश्नपत्रिकेतून काढावा आणि ‘सांधा कुठे आहे?’ असे विचारावे. त्याचे उत्तर पाठ करून देता येत नाही. त्यासाठी कविता वाचावी लागते, जशी तबकडी ऐकावी लागते.