अवधानाची मोजपट्टी आणि चिनी पालक

मूल काही सांगत असताना आपले चित्त दुसऱ्याच कामात गुंतलेले असते काय, मूल चिडले की आपणही मागचापुढचा विचार न करता चिडतो काय, आपल्या हातून चूक झाली की आपण स्वतःला वाजवीपेक्षा अधिक दोष देतो काय, अशा आशयाची काही विधाने आईबापांसमोर ठेवावयाची; प्रत्येक विधानापुढे पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करावयास सांगावयाचे; आणि त्या खुणांच्या बेरजेवरून त्यांचे पालकत्व किती 'सजग' आहे ते ठरवावयाचे, अशी एक मोजपट्टी मानसशास्त्रात रूढ झाली आहे. ती मूळची अमेरिकेतील. लॅरिसा डंकन यांनी २००७ मध्ये ती तयार केली आणि २००९ मध्ये दोन सहकाऱ्यांसमवेत तिच्यामागील कल्पनेची पाच अंगे मांडली: मुलाचे पूर्ण लक्ष देऊन ऐकणे, स्वतःचा व मुलाचा निवाडा न करता स्वीकार करणे, दोघांच्या भावनांची जाण, स्वतःवरील ताबा आणि करुणा. पुढे हीच पट्टी चिनी भाषेत उतरवून हाँगकाँगमधील आणि चीनच्या मुख्य भूमीवरील माता-पित्यांना लावून पाहण्यात आली. ही बाब विद्यापीठांच्या कपाटात राहण्याजोगी वाटेल. परंतु चीनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून कुटुंबातील शिक्षणाविषयीचा कायदा अमलात आहे आणि मूल वाढविण्यात कसूर करणाऱ्या पालकांना समज देण्याचा अधिकार पोलीस व न्यायालये यांच्याकडे आला आहे. अशा देशात पालकांचे गुण मोजणारे कोणतेही साधन निरुपद्रवी समजता येत नाही.

या कल्पनेचा प्रवास मोठा विलक्षण आहे. इंग्रजीत जिला माइंडफुलनेस म्हणतात ती पालीतील 'सती', संस्कृतातील 'स्मृती'. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमध्ये गेली आणि 'सम्यक् स्मृती'साठी तेथे 'झंग-न्येन' हा शब्द रुळला. त्यातील 'न्येन' या अक्षरात वर 'आता' आणि खाली 'हृदय' अशी चिन्हे आहेत. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी तिचा धार्मिक संदर्भ बाजूस ठेवून अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी तिचा उपयोग सुरू केला, आणि १९९७ मध्ये पत्नीसमवेत पुस्तक लिहून ती पालकत्वाकडे वळविली. आता ती प्रश्नावलीच्या रूपाने चीनला परतली आहे. मात्र 'झंग' म्हणजे योग्य. त्यामुळे सामान्य चिनी पालकाच्या कानाला 'झंग-न्येन' म्हणजे सद्विचार असेही वाटू शकते. सद्विचाराची परीक्षा द्यावयाची म्हटल्यावर कोणता पालक कमी गुण घेणारी उत्तरे देईल?

परंतु अडचण केवळ शब्दाची नाही. मूळ कल्पनेत पाच अंगे. नेदरलँड्समध्ये २०१४ साली पडताळणी झाली तेव्हा उत्तरांचे सहा गट पडले. हाँगकाँगमध्ये २०१८ साली चारच उरले. निर्देशांकाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना याचा अर्थ चटकन उमगेल. औद्योगिक कामगाराच्या गरजांची टोपली शेतमजुराच्या घरात जशीच्या तशी नेता येत नाही, म्हणून दोघांचे किंमत निर्देशांक वेगळे काढावे लागतात. पालकत्वाच्या टोपलीचेही तसेच आहे. निवाडा न करता स्वतःचा स्वीकार करणे हा पट्टीच्या लेखी गुण. उलट कन्फ्यूशियसच्या परंपरेत रोज आत्मपरीक्षण करणे ही सज्जनाची खूण. रूथ चाओ या संशोधिकेने १९९४ मध्येच दाखवून दिले होते की चिनी भाषेतील 'ग्वान' या एकाच शब्दात मुलावर शासन करणे आणि त्याची काळजी वाहणे हे दोन्ही अर्थ नांदतात. पाश्चात्त्य वर्गवारीत जी आई हुकूमशहा ठरते ती आपल्या मुलाच्या दृष्टीने जिव्हाळ्याची असू शकते. तेव्हा स्वतःला दोष देणाऱ्या चिनी आईला कमी गुण मिळाले, तर ते तिच्या सजगतेचे मोजमाप की तिच्या संस्काराचे, हे बेरजेवरून कळत नाही.

माता आणि पिता यांची तुलना तर अधिक जोखमीची. दोघांच्या गुणांची सरासरी शेजारी शेजारी मांडण्यापूर्वी, दोघेही विधानाचा एकच अर्थ घेतात काय, हे तपासावे लागते. 'कडक बाप, मायाळू आई' हे जुने चिनी सूत्र आज शहरांतून पुष्कळसे उलटे झाले आहे: अभ्यासाचा तगादा आई लावते आणि बाप रात्री उशिरा घरी येतो. एकटीने मूल वाढविणाऱ्या सधवेच्या स्थितीला तेथील लोकांनी 'वैधव्यातील संगोपन' असे बोचरे नाव दिले आहे. दिवसाकाठी अर्धा तास मुलाला भेटणारा बाप 'मी सहसा चिडत नाही' असे प्रामाणिकपणे लिहू शकतो. सायंकाळचे चार तास गणिताच्या वहीसमोर घालविणारी आई ते लिहू शकत नाही.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. अवधान हा मनाचा गुण असेल, परंतु त्याला वेळ लागतो, आणि वेळ ही दुर्मिळ वस्तू आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, अशी कामाची पद्धत चिनी कंपन्यांत इतकी फैलावली की ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती बेकायदा असल्याचे सांगावे लागले. रोजगारासाठी आईबाप परगावी गेल्यामुळे मागे राहिलेल्या मुलांची संख्या २०२० च्या जनगणनेनुसार सहा कोटींवर होती. शिवाय महाविद्यालय-प्रवेशाची परीक्षा आहेच. २०२४ मध्ये तिला सुमारे १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. जुलै २०२१ मध्ये सरकारने नफ्यासाठी चालणाऱ्या शालेय विषयांच्या शिकवण्या बंद केल्या, पण परीक्षा तशीच राहिली आणि वर्गातला ताण घरच्या टेबलावर आला. या सर्वांचा परिणाम पट्टीवर 'पालकाची असजगता' म्हणून उमटणार. जो दोष कारखान्याच्या घड्याळाचा, तो आईच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होणार.

याचा अर्थ पट्टी फेकून द्यावी असा नव्हे. तिच्यावर अधिक गुण मिळविणाऱ्या पालकांत ताण कमी आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यांतील कारण कोणते आणि कार्य कोणते हे ठरावयाचे असले तरी ही माहिती टाकाऊ नाही. पालकांसाठी चालविलेल्या एखाद्या वर्गाचा उपयोग झाला काय, हे आधीच्या व नंतरच्या उत्तरांवरून पाहता येते. एकेका घराला गुण देऊन कोणाला समज द्यावयाची हे ठरविणे, हा मात्र सर्वस्वी वेगळा व्यवहार होईल, आणि तशी वेळ आली तर पालक उत्तरे पाठ करावयास शिकतील. या पट्टीवर पुढे काम करणाऱ्यांनी तिच्याशेजारी आणखी काही रकाने घालावयास हवेत: पालक घराबाहेर किती तास असतो, घरी आल्यावर मुलासाठी किती वेळ उरतो, आणि हेच प्रश्न मुलाला विचारले तर ते काय उत्तर देते. एक रकाना आजीसाठीही हवा. असंख्य चिनी घरांत मुलाला शाळेतून आणणारी, जेवू घालणारी आणि त्याची दिवसभराची हकिकत ऐकून घेणारी तीच असते. माता आणि पिता या दोनच मथळ्यांच्या तक्त्यात तिला जागा नाही.